उत्तर आलं, असं येवसेई म्हणाला

लांडग्याला हाक मारायची विद्या येवसेईला बापाकडून मिळाली, आणि देताना बापानं एकच अट घातली होती. गंमत म्हणून कधी ओरडायचं नाही. फसवला गेलेला लांडगा एकदा गप्प बसला की बसला, मग त्याचा ठावठिकाणा देवालाही लागत नाही. बाप गेला, अट राहिली, आणि येवसेईनं ती साठीपर्यंत इमानानं पाळली. मग ह्या पानगळीत प्रोखोरच्या मुलाचं लग्न निघालं आणि इतक्या वर्षांचं मुसळ केरात गेलं.

लग्नाला शहरातले पाहुणे आले होते. वोद्का पाण्यासारखी वाहत होती. गावच्या शिकाऱ्यांचा म्होरक्या प्रोखोर स्वतः झिंगलेला, त्यानं येवसेईच्या गळ्यात हात टाकला. "येवसेईदादा, एकदा होऊन जाऊ दे. ह्यांना कळू दे आपल्या झाओझेर्यात काय माणसं आहेत ते."

येवसेई आधी नाही म्हणाला. मग पुलावर जाऊन उभा राहिला. कंदिलाची उभी काच तोंडाला लावली, नाक चिमटीत धरलं आणि म्हाताऱ्या लांडगिणीचा सूर लावला. खालून उचलत वर नेला, आणि वरून हळूच सोडून दिला. पलीकडच्या रानातून आधी नरानं उत्तर दिलं, त्यामागून पिल्लांनी कल्ला केला. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. शहरातली एक बाई तर चक्क रडली.

आता माणूसच तो. एकदा वाहवा चाखली की जीभ सोकावते. दुसऱ्या दिवशी उतारा घ्यायला जमलेल्या मंडळींसाठी येवसेई पुन्हा पुलावर गेला. पुढं पुढं तर गावात कुणाकडे पाहुणा आला की त्याला पुलावर नेत, आणि हा जाई. कुणी जबरदस्ती केली म्हणावं तर तेही नाही. त्याला आवडायचं, बस्स. शेवटच्या खेपेला रानातून उत्तर आलं नाही, तेव्हा "वारा उलटा आहे," असं म्हणून त्यानं वेळ मारून नेली होती.

हिवाळा पडला आणि लांडगे गावात उतरले. हिवाळ्यातल्या लांडग्याला कुत्र्यासारखी मेजवानी नाही. पहिल्यांदा दुकानदाराचा कुत्रा गेला, मग गोठ्यावरचे राखणीचे गेले. लोक अंधार पडला की दारं लावून घेऊ लागले. शेवटी प्रोखोरनं बंदुका गोळा केल्या आणि माळ्यावरून लाल चिंध्यांच्या दोऱ्या काढल्या. रानाच्या ज्या तुकड्यात लांडगे बसले असतील त्याला ह्या दोरीचा वेढा घालायचा. भुकेनं मरेल पण लांडगा ती फडफडणारी लाल चिंधी ओलांडणार नाही. का, ते त्यालाच ठाऊक. पण वेढा घालायला आधी ते कुठं बसलेत हे कळायला हवं ना? एरवी बर्फातली पावलं सांगतात. ह्या खेपेला बर्फ थांबायचं नावच घेत नव्हता, उमटलेलं पाऊल बघता बघता भरून जाई. उरला फक्त आवाज. सगळं गाव येवसेईकडे डोळे लावून बसलं.

हाक मारायची टेकडी उस्तिन्यामावशीच्या घरामागं होती. गावातलं शेवटचं घर तिचं, त्यापुढं रानच. मावशी एकटी राहायची. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. पण बुयान होता ना! जाड केसांचा, शेपटी पाठीवर वळवलेला कुत्रा. त्याच्या मानेची दोरी हातात धरून ती विहिरीवर जाई, दुकानात जाई. निसरडं आलं की तो थांबे आणि तीही थांबे. तिची लेक शहरात पाचव्या मजल्यावर राहायची आणि दर वर्षी ये ये म्हणून मागं लागायची. मावशी म्हणायची, "पाचव्या मजल्यावर मी काय करू? लोणच्याच्या बरणीसारखी खिडकीत बसू?"

त्या संध्याकाळी येवसेई टेकडीकडे निघाला तेव्हा मावशी कुंपणाशीच उभी होती.

"येवसेई, बाबा, बुयानला घरात घेऊ का रे? भट्टीच्या उबेत त्याचा जीव घुसमटतो. रात्रभर दार खरवडतो, ना त्याला झोप ना मला."

"आधी हाक तर मारू दे, मावशी. येताना सांगतो."

बाकीचे शिकारी घोड्याच्या घसरगाडीपाशी पार खाली थांबले. तसा रिवाजच आहे, हाक मारणारा एकटा पुढं जातो. येवसेईनं टेकडीवर गुडघे टेकले, काच तोंडाला लावली आणि सूर सोडला. सूर सुरेख लागला, उगीच खोटं कशाला बोला. मग त्यानं कानटोपी काढून श्वास धरला.

काहीच नाही.

त्यानं नराचा सूर लावला. मग पोरसवदा लांडग्याचा, उतावळा आणि जरा फाटका. रान नुसतं बर्फ झेलत उभं होतं. आणि तिथं गुडघ्यांवर बसल्या बसल्या येवसेईला कळून चुकलं, की ते तिथंच कुठं तरी आहेत, ऐकताहेत, आणि त्याला पुरते ओळखून आहेत. पुलावरच्या टाळ्या आठवल्या आणि स्वतःचीच किळस आली.

तो खाली उतरला. एवढे सगळे गडी दाढ्यांवर बर्फ घेऊन त्याच्याकडे बघत होते. प्रोखोरनं विचारलं, "काय, दादा?"

खरं सांगायला किती वेळ लागला असता? 'बोलले नाहीत रे, माझ्यामुळं बोलले नाहीत,' एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आलाच असता, का बोलले नाहीत म्हणून. येवसेईनं टोपी कानावर ओढली.

"आलं उत्तर. सारसांच्या दलदलीत आहेत."

दर हिवाळ्याला ते तिथंच तर बसतात, असं त्यानं मनाशी म्हटलं. ही लबाडी नाही, अंदाज आहे. गडी खूश झाले, कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली.

कुंपणाशी मावशी तशीच उभी होती. "कुठं आहेत रे?"

"लांब आहेत, मावशी. बुयानला खुशाल बाहेर झोपू दे."

हे तो का बोलला, ते त्याचं त्यालाही नंतर सांगता येईना. एका खोट्याला दुसरं टेकू द्यावं लागतं, म्हणून बोलला असेल.

उजाडता उजाडता त्यांनी दलदलीला दोरीचा वेढा घातला. बंदुकवाले जागेवर बसले, हाकारे आत शिरले आणि ओरडत, काठ्या आपटत पलीकडून बाहेर आले. एक ससा निघाला, तेवढाच. लांडग्याची विष्ठासुद्धा नव्हती. येवसेई मान खाली घालून उभा होता. आता कुणी तरी बोलेल, शिव्या घालेल, म्हणून वाट बघत होता. प्रोखोर त्याच्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "चूक माझी आहे, दादा. रात्रीच दोरी लावायला हवी होती. तू बरोबर सांगितलंस, आणि मी त्यांना निसटू दिलं."

येवसेईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो मूग गिळून बसला.

दुपारी परतले तर मावशीच्या अंगणात बायका जमलेल्या. साखळी खांबाला होती, टोकाला गळपट्टा होता, आणि तुडवलेल्या बर्फावर कुणी तरी राख टाकली होती. राख का टाकली, ते विचारायची गरजच नव्हती. बायकांनी प्रोखोरला बघून वाट दिली. येवसेईला घरी पळून जावंसं वाटलं. पाय मात्र प्रोखोरच्या मागोमाग आत गेले.

मावशी बाकावर बसली होती. शेजारी शालीत बांधलेलं गाठोडं होतं.

"प्रोखोर आहे का? बरं झालं. बाबा, उद्या मला घसरगाडीतून स्टेशनवर सोड. लेकीकडे जाते."

"मावशी, असं काय करतेस? मी तुला कुत्रा आणून देईन. लुकेरियाच्या कुत्रीला पिल्लं झालीत, त्यातलं—"

"कुत्रा मिळेल रे. कान कुठून आणशील?"

प्रोखोरला काही उमगेना. मावशी गुडघ्यावरचा हात चोळत बोलत राहिली.

"काल हा येवसेई टेकडीवर ओरडला, तेव्हा मी अंगणात होते. सगळं ऐकलं. ह्यानं किती गोड सूर लावले. पण उत्तर मला ऐकू आलं नाही. म्हटलं, ह्याचे कान शिकाऱ्याचे, माझे म्हातारीचे. मग अंधारल्यावर न्हाणीघरामागून पुन्हा तोच सूर आला. अगदी इथून, कुंपणापासून. बुयान साखळी ओढत दाराशी येऊन रडायला लागला. मला म्हणत होता, आत घे. आणि मी त्याला रागावले. म्हटलं, लाज नाही वाटत, अरे तो येवसेई आहे, उद्यासाठी गळा साफ करतोय. लांडगे तर लांब आहेत. म्हटलं आणि दार लावून घेतलं."

ती थांबली. हातानं शेजारचं गाठोडं चाचपलं.

"लांब होते ते मला ऐकू आले नाहीत, आणि दाराशी आले ते मला माणूस वाटले. डोळे नाहीत तर नाहीत, मी कानांवर इतकी वर्षं काढली. आता तेही गेले. कानांवर भरवसा नसलेल्या आंधळीनं इथं कसं राहायचं? आणि येवसेई आलाय ना रे? बाबा, मी लांडग्याला तू समजले हे गावात सांगू नकोस. हसतील मला."

येवसेई दारातच उभा होता. टोपी हातात घेतली होती, ती पिळून पिळून तिचं फडकं झालं होतं. कुत्र्यासाठी मावशी रडली असती, त्याला शिव्या दिल्या असत्या, तर कदाचित त्यानं तेही गिळलं असतं. माणूस फार गिळू शकतो. पण ती त्याची माफी मागत होती.

"उत्तर आलंच नव्हतं, मावशी," तो म्हणाला.

प्रोखोर वळला.

"काय म्हणालास?"

"उत्तर आलं नव्हतं. एकदाही नाही. पुलावर तमाशे करून करून मी त्यांना शहाणं केलं, आणि सांगायची लाज वाटली. दलदल मी मनानं सांगितली."

मावशीनं चेहरा त्याच्या आवाजाकडे वळवला. "आणि न्हाणीघरामागं?"

"मी नव्हतो. मी घरी पांघरूण घेऊन पडलो होतो."

"म्हणजे उत्तर आलं नाही, ते मी बरोबर ऐकलं."

"बरोबर ऐकलं."

"आणि तो लांडगाच होता."

"लांडगाच होता, मावशी."

तिनं मोठा श्वास सोडला. चेहरा सैल पडला, आणि क्षणभर, नुसता क्षणभर, तो आनंदी दिसला. येवसेईनं ते पाहिलं. प्रोखोरनं तेव्हाच थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, पण प्रोखोर खिडकीकडे तोंड करून उभा होता. मग मावशीचा आनंद गेला, आणि तिनं गाठोडं मांडीवर घेऊन आंधळ्या बोटांनी शालीची गाठ सोडायला घेतली.

"प्रोखोर, गाडी नको मला," ती म्हणाली. गाठ सुटेना, तरी तिनं कुणाला हात लावू दिला नाही. "येवसेई, तू माझ्या घरात पुन्हा येऊ नकोस. पण आत्ता जा आणि घरोघर सांग, उस्तिन्याला नीट ऐकू येतं म्हणून. सकाळपासून इतक्या बायकांना मी कान गेले म्हणून सांगून बसलेय. एकही घर वगळू नकोस."

"आणि कसं कळलं म्हणून विचारतील, मावशी."

"विचारतील तर सांग."

येवसेई बाहेर पडला. बर्फ अजून पडतच होता. शेजारचं दार लुकेरियाचं होतं, त्यानं तिथूनच सुरुवात केली.