डबल बेल

पक्ष्यांना मोजता येत नाही. एवढ्या एका गोष्टीवर कुणाचं घर चालत असेल हे सांगून पटणार नाही, पण बगळीचं घर बरीच वर्षं त्याच्यावर चाललं होतं.

बगळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ही मुलगी पाण्याच्या कडेला गेली की मान पुढे काढून नुसती उभी राहायची, हाक मारली तरी हलायची नाही, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. चाळिशी उलटली, दोन पुस्तकांवर खरं नाव छापून आलं, तरी घरात मात्र बगळीच राहिली. पाखरांचे फोटो काढायचे आणि पाखरांविषयी लिहायचं, हा तिचा धंदा. नोकरी नाही, त्यामुळे साहेब नाही आणि रजाही नाही. मधेच एखादी बियाण्यांची कंपनी भोपळ्यांचे फोटो काढायला बोलवायची. भोपळे उडून जात नाहीत, म्हणून त्या कामाला ती सुट्टीच समजायची. नातेवाइकांच्या मते तर ती रिकामीच होती. कॅमेरा आहेच, तर लग्नाला येताना घेऊन ये, असं जो तो हक्कानं सांगायचा.

घरात जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग लेन्सांनी बळकावलेला. आईनं त्यावर बोलणं केव्हाच सोडलं होतं. तांदळाच्या डब्यात भात लावताना मायक्रोफोन सापडला, त्या दिवशी तेवढी ती बोलली होती. भिजलेला मायक्रोफोन तांदळात सुकतो, हे तिला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

तर मोजण्याची गोष्ट. पाखराचा जवळून फोटो हवा असेल तर लपणात बसावं लागतं. लपण म्हणजे मातकट कापडाचा, दोन माणसं जेमतेम मावतील एवढा तंबू, पुढे लेन्सपुरती फट. पण माणूस आत शिरताना पाखरू बघत असतं, आणि तो बाहेर पडेपर्यंत ते काही जवळ फिरकत नाही. त्यावर तोडगा असा, की लपणात दोघांनी जायचं आणि एकानं बाहेर येऊन सर्वांदेखत निघून जायचं. पाखरू समजतं, आलं होतं ते गेलं. मग ते निर्धास्त होऊन आपल्या कामाला लागतं.

बगळीसाठी हे निघून जाण्याचं काम बाबा करायचे. पहिल्या पुस्तकापासून. "मी हिचा जाणारा," अशीच ते स्वतःची ओळख करून द्यायचे, आणि समोरचा गोंधळला की खूश व्हायचे. सगळी हयात शहर बस चालवण्यात गेलेली. आवाज असा, की शेवटच्या सीटवरच्या माणसालाही दटावता यावं. शिंक तर अशी, की रस्त्यापलीकडची कबुतरं उडावीत. असा माणूस लपणात चालण्यासारखा नव्हताच, तेव्हा आत शिरून बाहेर पडणं हेच काम त्यांच्या अंगाला बसलं होतं. त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांनी बसेस पाहिल्या, रस्ते पाहिले, पण ज्या पाखरांपायी ते पहाटे उठत आले त्यांतलं एकही नीट पाहिलं नव्हतं. पाहायचे ते छापून आल्यावर, पुस्तकात.

तिसरं पुस्तक एकाच तळ्याचं होतं. गावाबाहेर कौलांच्या कारखान्यामागे एक सोडून दिलेली दगडाची खाण होती, पाणी भरून तिचं तळं झालं होतं. तिथल्या टिबुकलीवर पुस्तकाचं शेवटचं प्रकरण बेतलेलं. टिबुकली म्हणजे मुठीपेक्षा जरा मोठं, गुबगुबीत पाणपाखरू. घाबरलं की बुडी मारून असं नाहीसं होतं, की आपल्यालाच भास झाला असं वाटावं. हिची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की आईबापांच्या पाठीवर चढून बसतात आणि पंखांतून पट्टेरी डोकी काढून फिरायला जातात. ही स्वारी पहिला आठवडा, फार तर दीड आठवडा रंगात असते. मग पिल्लं वाढतात आणि त्यांना पाठीवर कुणी घेत नाही.

बगळीला तोच फोटो हवा होता. सगळ्या पुस्तकाचा जीव त्या प्रकरणात होता, तिनं ते सर्वांत आधी लिहिलं होतं. पण संपादकबाईंनी फोनवर गोड आवाजात स्पष्ट सांगितलं होतं की मजकूर सुरेख आहे, मात्र ज्या स्वारीचं एवढं वर्णन केलंय ती दिसली नाही तर वाचकाला फसवल्यासारखं होईल. सोमवारपर्यंत फोटो आला तर ठीक, नाहीतर ते प्रकरण वगळून पुस्तक छापायला जाईल. बगळीनं "हो, हो" म्हटलं, फोन ठेवला आणि जेवली नाही.

पिल्लं बाहेर आली होती, यात शंका नव्हती. पाणकणसांच्या बेटातून त्यांची किणकिण ऐकू यायची. रोज सकाळी दोघं जायची, बाबा आत शिरायचे, बाहेर यायचे, चढ चढून निघून जायचे. आणि टिबुकली त्या बेटातून बाहेर यायची नाही. उन्हं वर चढायची, पाणी आरशासारखं चमकायला लागायचं, फोटोचा उजेड संपायचा. मग चार आठ मिनिटं बाहेर डोकावून ती पुन्हा सावलीत गडप व्हायची. खांदे पाडून बगळी सामान आवरायची.

"हिला गणित येतं," बाबांनी निदान केलं.

गणित येत नसणार, म्हणजे दुसरं काहीतरी आहे, यावर दोघांचं एकमत झालं. बाबांचा संशय कारखान्याच्या वॉचमनच्या कुत्र्यावर. बगळी नको नको म्हणत असताना ते वॉचमनकडे गेले आणि आपल्या ठेवणीतल्या आवाजात त्याला पाखरांचे हक्क समजावून आले. वॉचमन बिचारा सज्जन, त्यानं कुत्र्याला बांधलं. दुसऱ्या दिवशीही टिबुकली आली नाही. बाबा म्हणाले, मांजर असेल.

शुक्रवारी बगळीनं एक मुठीएवढा कॅमेरा लपणाच्या मागच्या बाजूला, वाटेकडे तोंड करून बांधला. काही हललं की तो आपला आपण चालू व्हायचा. बाबांना तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्याच्यासमोर उभं राहून आधी भांग पाडला असता.

दुपारी ते झोपल्यावर ती टेबलाच्या आपल्या अर्ध्या भागात बसून चित्रण बघायला लागली. आई पलीकडच्या अर्ध्यात शेंगा सोलत होती. पडद्यावर बाबा लपणातून बाहेर आले, गुडघे झटकले आणि चढावर चालू लागले. चढाच्या टोकाला वाट वळते, तिथे ते थांबले. मागे वळले. लपणाकडे बघत त्यांनी हात वर करून हलवला. थांबले. पुन्हा हलवला. मग कपाळावर आडवा हात धरून पाहत राहिले. काहीच झालं नाही, तेव्हा तिथल्याच एका दगडावर बसले. उघड्या टेकाडावर, सगळ्या तळ्याला दिसतील असे, लपणावर नजर लावून. खूप वेळानं, उन्हं चढल्यावर, ते उठले आणि वळणाआड गेले.

आणि परत येऊन रोज सांगत होते, कारखान्याच्या कँटीनमधे चहा घेतला म्हणून.

बगळीचं डोकं सणकलं. आठवडाभर ती आत घामाघूम होत होती, सगळं पुस्तक पणाला लागलं होतं, आणि कुत्रं नव्हतं की मांजर नव्हतं, हे महाशय टेकाडावर बसून राखण करत होते. तिनं खुर्ची मागे सारली. आईनं मान तिरकी करून पडद्याकडे पाहिलं.

"त्यात काय नवीन," आई म्हणाली. "तू शाळेत जायचीस तेव्हापासून वळून हात करतात. तेव्हा तूही करायचीस."

बगळी पुन्हा खाली बसली. तिनं आधीच्या जागा आठवून पाहिल्या. रान, नदीकाठ, बांबूचं बन. तिथे वाट दोन पावलांत झाडीत शिरायची, मागे कोण वळलंय ते पाखराला दिसायचं नाही. आणि तिला तर कधीच दिसलं नव्हतं. फट पुढे असते. तिचा डोळा फटीला, फट पाण्याकडे, आणि बाबा नेहमी पाठीमागे.

संध्याकाळी बाबा गॅलरीत बसले होते. ती शेजारी जाऊन बसली आणि कँटीनचा चहा कसा असतो, असं विचारलं. बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि आपण पकडले गेलो हे त्यांना कळलं.

"बेल मिळत नाही," ते म्हणाले.

"कसली बेल?"

"एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे सोडा. मागं कंडक्टर डबल बेल देतो तेव्हा समजायचं, सगळे चढले, दार लागलं, आता निघायला हरकत नाही. त्याशिवाय मी कधी गाडी हलवली नाही. तू आत एकटी बसतेस, समोर खोल पाणी. तू हात दाखवलास की मी निघालो."

"कधीपासून थांबताय असे?"

"पहिल्यापासून."

"अहो, मग एकदा तरी सांगायचं होतंत."

बाबांना हे विचित्र वाटलं असावं. "ड्रायव्हरनं बेल मागायची नसते," ते म्हणाले. "ती मिळते."

बगळीला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे उचकी लागली. बाबा पाणी आणायला उठले. टेकाडावर आपण तळ्याला दिसतो, हे तिनं सांगितलं तेव्हा ते फार खजील झाले आणि पहिल्यांदा वॉचमनच्या कुत्र्याविषयी हळहळले.

शनिवारी दोघं नेहमीसारखी गेली. बाबा लपणात शिरले, बाहेर आले, चालू लागले. आज तिनं मागच्या कापडाची शिवण बोटभर उसवून ठेवली होती. तिथे डोळा लावून ती बसली. ते चढावरून जाताना किती सावकाश जातात, हेही तिला आज दिसलं. वळणावर ते थांबले आणि वळले. सवयीनं वळले. हात वर करावा की नाही, अशा घोळात तो अर्ध्यावरच राहिला.

बगळीनं फटीतून मनगटापर्यंत हात बाहेर काढला आणि हलवला. एकदा, आणि पुन्हा एकदा.

बाबांनी अर्ध्यावरचा हात खाली घेतला. मग त्यांनी ताठ होऊन, दोन्ही हात पुढे धरून भलंमोठं चाक फिरवल्यासारखं केलं आणि वळण घेऊन निघून गेले. एकदाही मागे पाहिलं नाही.

तिनं डोळे पुसले आणि पुढच्या फटीला लावले. तळ्यावर ऊन अजून कोवळं होतं. पाणकणसं हलली. आधी चोच आली, मग तांबूस मान, आणि मग टिबुकली सबंधच्या सबंध उघड्या पाण्यात आली. पाठीवर दोन पट्टेरी डोकी होती. तिसरं पिल्लू मागून पाण्यातून धडपडत चढत होतं, आणि त्याचा एक पाय हवेत नाचत होता. बाप चोचीत बारीकसा मासा घेऊन आला, आणि मासा आपल्यालाच मिळावा म्हणून तिघांनी पंखांत असा दंगा केला की आई पाण्यात डुलायला लागली. बगळी बटण दाबत होती आणि आवाज न करता हसत होती. लपणात हसणं अवघड असतं, ट्रायपॉड हलतो.

बाबा परतले ते कसंनुसं तोंड करून. आज त्यांनी खरंच कँटीनमधे जाऊन चहा घेतला होता. इतका वाईट चहा जगात कुठे मिळत नाही, आपण इतके दिवस थोडक्यात वाचलो, असं त्यांचं म्हणणं पडलं. तिनं कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला. चष्मा पुसून ते कितीतरी वेळ बघत राहिले, आणि मग त्या हवेतल्या पायावर बोट ठेवून म्हणाले, हा लोंबकळणारा प्रवासी दिसतोय.

फोटो त्याच दुपारी गेला. संपादकबाईंचा फोन आला, तेव्हा त्या प्रकरणाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. मुखपृष्ठ बदलायला घेतलंय, एवढंच म्हणाल्या. आईनं त्या आनंदात लेन्सा बाजूला सारून टेबलभर पानं मांडली.

रविवारी काही काम नव्हतं, तरी पहाटे बगळीनं बाबांना उठवलं. तळ्यावर दोघं लपणात शिरली. तिनं त्यांना स्टुलावर बसवलं, पुढची फट दाखवली, मागची फट दाखवली, शिंक आली तर नाक चिमटीत धरा म्हणून बजावलं.

"आज तुम्ही बसायचं. मी जाणारी," ती म्हणाली.

बाबा स्टुलावर अवघडून बसले. "सगळा जन्म बेल ऐकण्यात गेला," ते हळूच म्हणाले. "द्यायला कधी मिळाली नाही."

ती बाहेर पडली आणि चढ चढू लागली. पाठीमागे आपल्याकडे कुणीतरी बघतंय, हे चालताना कळतं, असं तिला वाटलं. वळणावर पोचल्यावर ती थांबली, वळली, आणि हात वर करून हलवला. मग उत्तराची वाट बघत उभी राहिली.

लपण गदगदलं. मागच्या फटीतून आधी बोटं आली, मग मनगट, आणि मग शिवण टरकावत खांद्यापर्यंतचा सबंध हात बाहेर आला. तो जोरात दोनदा हलला, आणि शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा आवाज तळ्यावर घुमला, "जाऊ द्या!"

तळ्यातल्या यच्चयावत टिबुकल्या एकदम पाण्याखाली गेल्या. बगळीनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं दोन्ही हातांनी भलंमोठं चाक फिरवलं आणि हसत हसत वळण घेतलं.