शेंकिन सशाचा डावा कान

मी एक जुना कापडी ससा, मित्रांनो. नाव शेंकिन. पण खरा शेंकिन मी नव्हे. तो दूरचित्रवाणीवरच्या बाहुल्यांच्या खेळातला. त्याच्या पोटात माणसाचा हात असे आणि तोंडी माणसाची वाणी. दर मंगळवारी चहाच्या वेळेला तो वेल्समधल्या घराघरांत आमच्याच वेल्श बोलीत गप्पा मारी, म्हणून पोरे त्याच्यावर जीव टाकत. मी त्याची नक्कल. माझ्या पोटात नुसत्या चिंध्या.

त्याचा डावा कान खाली मुडपलेला होता. "या कानात सांगा," तो म्हणे, "हा मिटलेला आहे, यातून काही बाहेर पडत नाही." मग एक मूल पुढे येऊन त्या कानात आपले गुपित सांगे. झाले! प्रत्येक मुलाला घरी शेंकिन हवा झाला.

बेथेस्डा गावातल्या एका शिवणघराने आम्हाला करायला घेतले. निरोप होता, डावा कान मुडपा. तिथल्या मुकादमबाईंनी दोन्ही कान ताठ असलेल्या सशाचे कच्चे चित्र समोर धरले आणि आपल्या डाव्या हाताकडचा कान मुडपायला लावला. चित्रातला ससा आपल्याकडे तोंड करून बसला आहे, त्याचा डावा तो आपला उजवा, हे कुणाच्या ध्यानात येईपर्यंत आम्ही दोनशे भाऊ उजवे कान पाडून दुकानांत जाऊन बसलो होतो.

त्यातला मी सात वर्षांच्या मेरेरिदच्या वाट्याला आलो. तिने मला पाहिले आणि भोकाडच पसरले.

"आई, हा खोटा आहे! याला काही सांगितलं तर गावभर होईल!"

तिच्या आईने, नेस्टाने, मला उलटसुलट पाहिले. "आण इकडे. काहींना कान धरल्याशिवाय उमगत नाही. तुझ्या बाबांचंही तसंच."

"मी ऐकतोय हं," बाबा आतून ओरडले.

"ऐकता कुठं? नुसतं ऐकू येतं तुम्हाला!"

नेस्टाने उजव्या कानाची शिवण उसवून तो ताठ केला, आणि नवऱ्याच्या मोज्यातली राखाडी लोकर काढून डावा मुडपून शिवला. शिवणकामात ती बेताचीच. टाके पडले ओबडधोबड, एक इकडे, एक तिकडे. शिवताना ती गुणगुणत होती. चॅपलमधले पाद्री उपदेश करता करता रंगात आले की बोलणे मागे पडून सुरातच शिरत, आणि रविवारचा तो सूर नेस्टाला आठवडाभर पुरत असे. माझ्या त्या कानात पहिल्यांदा पडले ते देवाचे नाव. एवढे भाग्य खऱ्या शेंकिनचेही नसेल.

मग मेरेरिदने त्या कानात काय काय नाही सांगितले! फोडलेली बशी, नावडती मास्तरीण, आवडता मुलगा. आणि एकदा, मित्रांनो, नेस्टाही आली. दुपारची वेळ, घरात कुणी नाही. डॉक्टरांकडून आली होती, अंगातला कोटही काढला नव्हता. तिने मला उचलले आणि मुडपलेल्या कानाला ओठ लावले. ती काय म्हणाली ते मी कुणाला सांगितलेले नाही, तुम्हालाही सांगणार नाही. पुढच्या ईस्टरला चॅपलच्या बाकावर तिची जागा रिकामी होती.

पुढे मेरेरिद मोठी झाली, तिचे केस पिकले. मी तिच्या खणात राहिलो. अधूनमधून ती खण उघडी आणि त्या वेड्यावाकड्या टाक्यांवरून अंगठा फिरवी. असे होता होता माझ्या पोटाला कसर लागली, आणि ती मला एमरिसकडे घेऊन गेली.

एमरिस तिचा रविवारच्या शाळेतला सोबती. शेंकिनचे जे जे म्हणून निघाले ते त्याच्या घरी. पेले, बिस्किटांचे डबे, उशांचे अभ्रे. "घरात एक तर मी राहीन, नाहीतर हा ससा," असे म्हणून त्याची बायको बहिणीकडे गेली, ती गेलीच.

"एवढं भोक बुजव," मेरेरिद म्हणाली.

"पंधरा दिवस दे. नवा करून देतो."

"नवा नको रे. भोक बुजव."

"कळलं गं, कळलं!"

ती गेल्यावर त्याने भिंगातून माझे कान पाहिले. उजव्या कानाशी सुईची जुनी छिद्रे दिसली. "देवा रे! तू त्या दोनशेंतला!" त्याच्या डोळ्यांत पाणी आले. खोटे कशाला बोलू, इतक्या हळुवार हातांनी मला कुणीच धरले नव्हते. त्याच हातांनी त्याने बारीक कात्रीने एकेक टाका कापला. अकरा होते. मग उजवा कान जुन्या छिद्रांतून, तशाच जुन्या दोऱ्याने, होता तसा मुडपला.

मेरेरिद आली तेव्हा तो लहान मुलासारखा नाचत होता. "बघ! अगदी शिवणघरातून निघाल्यासारखा!"

तिने माझ्या डाव्या कानावर अंगठा ठेवला. "लोकर कुठाय?"

"कसली लोकर? हां, ती राखाडी! कुणीतरी अडाण्यानं काहीतरीच शिवलं होतं. टाकली केरात."

"आईनं शिवलं होतं."

एमरिसचे तोंड उतरले. "अगं, मग सांगायचंस ना! पुन्हा शिवतो, तश्शीच लोकर आणून..."

"तू शिवशील रे. ती कशी शिवणार?" तिने मला टेबलावर ठेवले आणि कोटाची बटणे लावली. "हा तुझा शेंकिन आहे, एमरिस. माझा तू केरात टाकलास."

आता मी त्याच्या काचेच्या कपाटात असतो. समोर चिठ्ठी आहे, 'अत्यंत दुर्मीळ. मूळ स्थितीत. कुणाचाही हात न लागलेला.' लांबलांबून माणसे येऊन वाहवा करतात. परवा एक मुलगी म्हणाली, "याचा कान चुकलाय." "चूप," तिचे वडील म्हणाले, "त्यालाच तर भाव आहे."

मित्रांनो, कुणाची जुनी वस्तू हाती घ्याल तेव्हा आधी तिच्या माणसाला विचारा, यातले काय काढायचे नाही? वाकडा टाका, फाटके ठिगळ, काहीही असो. खुशाल हसा त्याला, पण कात्री लावू नका. तो हात देव पुन्हा देत नाही.

मला तेव्हा सांगता आले नाही, आणि एमरिसने विचारले नाही. बेथेस्डात मेरेरिदचे घर इथून चार दारांवर आहे. ती आता पलीकडच्या रस्त्याने जाते.