तिसरी मंजुरी

"ताई, दोघांच्या मंजुऱ्या झाल्यात. तुमचीच राहिलीय," साहेब टेबलाशी येऊन म्हणाले.

तिने मान हलवली, पण कळ दाबली नाही. लोकांची डिजिटल रक्कम एका ब्लॉकचेन नेटवर्कवरून, म्हणजे एका सामाईक डिजिटल खातेवहीवरून, दुसऱ्यावर नेण्याचं काम त्यांची कंपनी करी. ही नेटवर्कं एकमेकांशी बोलत नसत. एकीकडे रक्कम कुलूपबंद झाल्याची खात्री पटली, की दुसरीकडे तेवढीच मोकळी करायची. त्याला तिघांची मंजुरी लागे. बाकीचे दोघे डोळे झाकून कळ दाबत, कारण ताई बघतेच, हे त्यांना ठाऊक होतं. बघून बघून तिचे डोळे शिणले होते.

आज रक्कम जिथून यायची, ते पलीकडचं नेटवर्क तुंबलं होतं. रक्कम निघालेली दिसत होती, पण नोंद पक्की नव्हती. रक्कम अजून मागे फिरू शकली असती. ही रक्कम पाठवणारा रोपवाटिकावाला फोनवर काकुळतीला आला होता. पैसे पोचल्याशिवाय ट्रकवाला रोपं उतरवू देईना, आणि ऊन तर डोक्यावर आलेलं.

"बाई, मी चोर वाटतो का तुम्हाला?"

"नाही हो, दादा. पण तिकडून पक्कं झाल्याशिवाय मला हो म्हणता येत नाही."

साहेबांनी समजावून पाहिलं. जुनं गिऱ्हाईक, आजवर कधी गडबड नाही. तिने नोंद पुन्हा एकदा तपासली; अजून पक्की नव्हती. रक्कम ज्यातून मोकळी होई, ती तिजोरी सगळ्या गिऱ्हाइकांची सामाईक होती. एक खोटी रक्कम सुटली, की भुर्दंड भलत्याच्याच माथी.

दुपार कलल्यावर नोंद पक्की झाली आणि तिने तत्काळ मंजुरी दिली. व्यवहार अगदी खरा निघाला. निम्मी रोपं मात्र तोवर करपली होती.

साहेब चिडले नाहीत. उद्यापासून हे काम दुसऱ्या कुणाकडे देऊ, तुम्हालाही जरा आराम, एवढंच म्हणाले.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माणूस खरा होता?"

"खराच होता."

"मग अडवलंस कशाला?"

"तेव्हा मला ते कुठं माहीत होतं?"

त्याने तिच्यासाठी ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला कामावर गेली. तिच्या पडद्यावर काहीच आलं नाही. पलीकडच्या टेबलावर नवा माणूस चहाचे घोट घेत घेत कळ दाबत होता. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि हात मांडीवर ठेवून ताठ बसून राहिली.