माहेरचं रक्त

थंडीचे दिवस होते. रविवारी नागपूर ते मौदा सायकल फेरी निघणार होती. प्रत्येकानं आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाची पट्टी छातीला लावायची, वाटेतल्या गावांना रक्तदानाचं महत्त्व सांगायचं आणि मौद्याच्या शाळेतल्या रक्तदान शिबिरात पोहोचायचं, असा बेत. गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला असलेल्या रुपरावानं सगळ्यांत आधी नाव दिलं. त्याची बायको कौशल्या दोन वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणातच गेली होती. आजूबाजूचे दुकानदार म्हणाले, "नवरा असावा तर असा बाप्पा!"

शनिवारी संध्याकाळी रुपराव कोरी पट्टी घेऊन सासूकडे गेला. भागीरथाबाई विधवा, शिवणकामावर पोट भरणाऱ्या. तो त्यांना मामी म्हणे.

"मामी, तिचं नाव तुमच्या हातानं शिवून द्या. उद्या तिच्यासाठी मौद्याले चाललो."

भागीरथाबाईंनी मशीन थांबवली, पण पट्टीला हात लावला नाही.

"नाही शिवत, जवाईबापू."

"काहून?"

"तिले रक्त पाह्यजे होतं. तुमी घाम देऊन राहिले."

झालं होतं काय, ते सांगायलाच हवं. लपवण्यासारखं त्यात काही नाही, सारी आळी जाणते. पहिलं बाळंतपण म्हणून कौशल्या माहेरी आली होती. दवाखान्यात बाळ मेलेलंच जन्मलं आणि तिचं रक्त थांबेना. घरच्या कुणीतरी लवकर रक्त द्या, असं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. रुपरावाची आई तुळसाबाई आडवी आली. "पहिलं बाळंतपण माहेरचं! रक्तही माहेरच्यांनीच द्यावं. माह्या पोराच्या अंगातलं रक्त काढाल, तं तो जन्माचा पांगळा होईल!" भागीरथाबाईंनी लगेच हात पुढे केला. डॉक्टरांनी त्यांच्या पापण्या ओढून आतला पांढराफटक रंग पाहिला आणि तुमच्याच अंगात रक्त कमी आहे, म्हणून नको म्हटलं. आणि आखाड्यात रोज घाम गाळणारा हा आडदांड गडी? तो आईच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. मग सायकल काढून रक्त विकणारा माणूस शोधायला धावला. सायकल त्या दिवशीही त्यानं जोरातच मारली होती! तो परत आला तेव्हा कौशल्येला रक्ताची गरज उरली नव्हती.

"आई आडवी आली, मामी. मी काय करू?" तो पुटपुटला.

"तुमची आई अडाणी, जवाईबापू. तुमी तं चार बुकं शिकले ना?" भागीरथाबाई मशीनपासून उठल्या. "लग्नात मले म्हणत होते, आजपासून पोरगी आमची. मग रक्त द्यायच्या वेळी ती माही कशी झाली? मी शाप देत नाही तुमाले. पण तिच्या नावावर लोकांनी तुमच्या गळ्यात हार घालावा, हे माह्यानं पाहवणार नाही."

रविवारी रुपराव कोरी पट्टी लावूनच निघाला. "नाव कुठी गेलं गा?" सोबती विचारत. सगळे गाणी म्हणत होते, हा नुसता पायडल मारत होता.

मौद्याला हार झाले, भाषणं झाली, पुरी-भाजी झाली. डॉक्टर म्हणाले, "सायकलवाल्यांनो, तासभर आराम करा, मग एकेक जण आत या."

तास झाला, पण कुणी उठेना! एकाला उद्याचा सोमवारचा उपास आठवला, दुसऱ्याला अशक्तपणा. तिसरा पान चघळत म्हणाला, "आपण सायकल चालवली ना जी! रक्त गाववाल्यांनी द्यावं. ते त्यांचं काम."

रुपराव चमकला. अरे, हेच! त्या दिवशी दवाखान्यात हेच झालं! ज्यानं त्यानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं आणि मधल्या मधे माझी कौशल्या गेली!

तो ताडकन उठून आत गेला. बाही वर सारून खाटेवर निजला. सुई टोचताना त्यानं डोळे गच्च मिटले. नर्सबाई सांगत होत्या तशी मूठ आवळत होता, सोडत होता.

"झालं. पडून राहा जरा, चहा देते."

"झालं?" त्यानं डोळे उघडले. "एवढंच?"

"मग काय, घागरभर काढतो वाटलं का?" नर्सबाई हसल्या.

तो हसला नाही. उताण्या पडलेल्या त्या धिप्पाड माणसाला हुंदका फुटला.

"दुखतंय का हो?" नर्सबाई घाबरल्या.

"नाही ना बाई! दुखलंच नाही!" तो लहान पोरासारखा रडू लागला. "एवढंसंच होतं... आणि मी दिलं नाही!"

दारातून सोबती डोकावत होते. मग तो पान चघळणारा तोंडातलं पान थुंकून आत आला आणि शेजारच्या खाटेवर मुकाट्यानं निजला. त्याच्यामागून आणखी दोघे आले.

ते रक्त कुणाच्या तरी लेकीला मिळालं असेल. कौशल्या काही परत येणार नव्हती. बंधुभगिनींनो, गेलेल्या माणसासाठी आपण कोसन् कोस सायकल हाणतो, हार घालतो, गावजेवण घालतो. ते माणूस डोळ्यांदेखत तडफडत असताना मात्र हे काम माहेरचं की सासरचं, याचा काथ्याकूट करत बसतो. हात पुढे करायचा तो माणूस आहे तोवरच करा. मागाहून केलेलं दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल, पण आपलं माणूस मात्र वाट पाहूनच गेलेलं असतं.