दाविदाच्या कुळातला योसेफ

दाविदराव जाधव नव्या माणसाला ओळख करून देताना आधी राजे सांगत आणि मग स्वतःचं नाव. "सिन्नरला यादवांची गादी होती, ठाऊक असेल तुम्हाला. त्यातलेच आम्ही. यादवांचे जाधव. पुढे आजोबा ख्रिस्ती झाले, पण रक्त कुठं जातंय?" समोरचा बहुधा भाजी घ्यायला निघालेला असे. तो मान डोलवून सुटका करून घेई.

मनमाड जंक्शनवर तिकिटं तपासण्यात दाविदरावांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर ते नाशकात, शरणपूरच्या बाजूला एका बैठ्या घरात राहायला आले. बायको आधीच वारली होती. घरात मुलगी रूथ आणि थोरली बहीण गोजराबाई. रूथ म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची. गोजराबाईंनी लग्न केलं नव्हतं. अनाथ मुलींच्या एका वसतिगृहात मेट्रन म्हणून त्यांनी उभा जन्म काढला होता. त्यामुळे त्यांचा आवाज एकाच वेळी साठ पोरींना गप्प करील असा होता, आणि तो कमी करायची कळ कुणालाच सापडली नव्हती.

नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढे प्रभूची वंशावळ वाचायचा मान दाविदरावांचा. अब्राहामापासून दावीद राजापर्यंत आणि दावीद राजापासून योसेफ सुतारापर्यंत प्रत्येक नाव ते स्टेशन आल्यासारखं पुकारत. दावीद राजापाशी आले की अंमळ थांबत, चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत आणि मगच पुढे जात. बाकड्यांवर मागे लोक पेंगत, पण दाविदरावांना ते भक्तीने डोळे मिटल्यासारखं वाटे.

रूथ लहानपणापासून एकच प्रश्न विचारायची. "पप्पा, प्रभू कुमारीच्या पोटी जन्मला ना?"

"अर्थात."

"म्हणजे योसेफ काही त्याचा बाप नव्हे."

"नव्हेच."

"मग योसेफाच्या बापजाद्यांची एवढी नावं कशाला वाचायची?"

"प्रभू राजघराण्यातला होता हे लोकांना कळावं म्हणून."

"पण राजघराण्यातला तर योसेफ होता."

"जेव आता," दाविदराव म्हणत.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात रूथने घरी सांगितलं की तिला प्रभाकर साळवेशी लग्न करायचं आहे. प्रभाकर ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होता. सरळ मुलगा, पगारदार, चर्चमध्ये पेटी वाजवायचा. त्याला खोट एकच होती. धोंडीराम कंपाउंडर आणि कलाबाई यांनी त्याला वाढवलं होतं, पण तो त्यांच्या पोटचा नव्हता. धोंडीराम ज्या दवाखान्यात कामाला होता तिथे एक वाटसरू बाई बाळंत झाली आणि त्यातच दगावली. तिचं नावगाव कुणालाच कळलं नाही. कलाबाईंनी बाळ पदरात घेतलं, ते त्यांचंच झालं.

साळवे नवराबायको रीतसर बोलणी करायला आले तेव्हा दाविदरावांनी त्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि म्हणाले, "पोरगा चांगला आहे. पण कुणाचं पोर, कुठलं पोर? आमच्या घराण्यात असं चालत नाही. माझ्या मुलीचं नाव राजाच्या आजीवरून ठेवलंय मी."

बायबलातली रूथ दावीद राजाची आजी नव्हे, पणजी, आणि ती परमुलखातली गरीब विधवा होती, हे रूथच्या ओठांवर आलं होतं. पण कलाबाई चहाचा कप तसाच ठेवून उठल्या होत्या. धोंडीराम त्यांच्यामागून चपला शोधत गेला.

रूथ रडली नाही. ती शिक्षिका होती. मठ्ठ मुलाला धडा कळत नसेल तर तो त्याच्याकडूनच म्हणवून घ्यावा, हे तिला अनुभवाने माहीत होतं. संडे स्कूलचं नाताळचं नाटक दरवर्षी तीच बसवायची. त्या वर्षी तिने नाटकात एक नवीन पात्र घातलं. रोमच्या कैसराचा शिरगणती अधिकारी. योसेफ आणि मरीया बेथलेहेमच्या वेशीवर येतात तेव्हा तो त्यांना अडवतो आणि नाव, गाव, कुळ विचारतो.

"हे काम कोण करणार?" दाविदरावांनी विचारलं.

"तोच तर प्रश्न आहे. आवाज पाहिजे, रुबाब पाहिजे. लोकांना अडवून विचारायची सवय पाहिजे."

दाविदरावांनी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःहून होकार दिला. तालमीत ते इतके रंगले की त्यांनी बेथलेहेममध्ये शिरणाऱ्या मेंढपाळांनाही अडवायला सुरुवात केली. शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांना त्यांची समजूत घालावी लागली की देवदूतांचं कुळ विचारायची गरज नाही.

योसेफाचं काम दरवर्षी लासलगावच्या कांदा मार्केटातला एक तरुण कारकून करायचा. शेळीच्या केसांच्या दाढीने त्याच्या हनुवटीला पुरळ उठायचं, तरी मंडळीच्या प्रेमापोटी तो सोसत असे. नाटकाच्या आदल्या दिवशी रूथ त्याला भेटली आणि म्हणाली, "यंदा तुला ताप आलाय."

"मला? नाही हो."

"दाढी लावायची नाही."

"मग आलाय," तो म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीने आनंदाने घरी गेला.

चर्चच्या आवारात मांडव घातला होता. दिवेलागणीला खुर्च्या भरल्या. पुढच्या रांगेत गोजराबाई शाल पांघरून बसल्या होत्या. कलाबाई आणि धोंडीराम अगदी मागे, खांबाआड. पडदा सरकला. दाविदराव टेबलामागे बसले होते. अंगावर रेल्वेचा काळा कोट, डोक्याला सोनेरी कागदाची पट्टी. पाळकसाहेबांची पुतणी मरीया झाली होती. तिच्या शेजारी दाढीवाला योसेफ काठी टेकत आला.

"थांबा!" दाविदराव गरजले. मागच्या रांगेतलं एक तान्हं मूल रडायला लागलं. "नाव?"

"योसेफ."

"गाव?"

"नासरेथ."

"कुळ?"

"दाविदाचं कुळ, साहेब."

आवाज ऐकताच दाविदरावांची मान वर झाली. हा काही लासलगावचा नव्हे. त्यांनी दाढीकडे नीट पाहिलं. दाढीच्या वर प्रभाकर साळव्याचे डोळे होते, आणि ते भेदरलेले होते.

इथे त्यांनी म्हणायचं होतं, "ठीक आहे, जा." पण दाविदराव तिकीट तपासनीस होते, विनातिकीट माणूस समोर उभा असताना "जा" हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना.

"दाविदाचं कुळ!" ते म्हणाले. "कुणीही यावं आणि म्हणावं! पुरावा काय?"

मरीयेने घाबरून विंगेकडे पाहिलं. विंगेत रूथ होती. तिने फक्त 'चालू दे' अशी खूण केली.

"पुरावा नाही, साहेब," प्रभाकर अडखळत म्हणाला. "आईबापांनी सांगितलं तेच मी सांगतो."

"आणि ही? हिला दिवस गेलेत असं दिसतंय. बाळ तुझं का?"

मांडवात कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. पाळकसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. प्रभाकरने मरीयेकडे पाहिलं. खोटं बोलावं तर सगळ्या ख्रिस्ती धर्माचा पायाच हलत होता.

"नाही, साहेब," तो हळू म्हणाला.

"नाही! मग त्याला दाविदाच्या कुळात कसा घालू मी?"

प्रभाकरने काठी बाजूला ठेवली. त्याचा आवाज आता नाटकातला राहिला नव्हता. "नाव मी ठेवणार आहे त्याचं. खांद्यावर मी घेणार, कामधंदा मी शिकवणार. लोक त्याला विचारतील कुणाचा, तेव्हा तो माझं नाव सांगेल. मग माझं कुळ ते त्याचं कुळ. देवाला चाललं, साहेब. तुम्हाला का चालत नाही?"

सगळा मांडव दाविदरावांकडे बघू लागला. आपण कशात अडकलो हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. नाही म्हटलं, तर प्रभू दाविदाच्या कुळाबाहेर जात होता. तारणारा दाविदाच्या कुळात जन्मेल हे संदेष्ट्यांनी सांगितलेलं खोटं पडत होतं, आणि नुकतीच चर्चमध्ये स्वतः पुकारलेली ती सगळी नावं वाया जात होती. हो म्हटलं, तर समोर दाढी लावून प्रभाकर साळवे उभा होता. त्यांच्या कपाळावरची सोनेरी पट्टी घामाने सुटून नाकावर आली.

"असं... असं कुठं असतं का?" ते कसेबसे म्हणाले.

"असतं रे, दाव्या!" पुढच्या रांगेतून गोजराबाईंचा आवाज आला. "घे लिहून आणि सोड त्यांना! पोरगी अवघडलीय!"

मांडव हसला. त्या हसण्याच्या आडोशाने दाविदराव पुटपुटले, "जा. लिहिलं." मंडळींनी टाळ्या वाजवल्या. नाटक पुढे सरकलं आणि प्रभू वेळेवर जन्मला.

दुसऱ्या दिवशी नाताळ. उपासना झाल्यावर दाविदरावांनी पाळकसाहेबांना गाठलं. "काल ते पोरगं बोललं, त्याला शास्त्राचा आधार आहे का?"

पाळकसाहेबांना तीन घरी जेवायला जायचं होतं. ते चालता चालता म्हणाले, "आहे की. वंशावळीत प्रत्येक जण कुणाला तरी झाला असं लिहिलंय. योसेफापाशी मात्र वाक्य वळतं. योसेफ फक्त मरीयेचा पती, आणि प्रभू मरीयेला झाला. तरी कुळ योसेफाचंच लागतं, कारण दूताने बाळाचं नाव ठेवायला त्यालाच सांगितलं. काही जण म्हणतात, मरीयाही दाविदाच्याच कुळातली, आणि शास्त्रात दुसरी एक वंशावळ आहे, ती प्रभूच्या आजोळची. तुम्ही तर दरवर्षी वाचता, दाविदराव."

"वाचतो," दाविदराव म्हणाले. "म्हणजे, पुकारतो."

घरी आल्यावर त्यांनी करंजीला हात लावला नाही. गोजराबाई समोर येऊन बसल्या.

"काल चारचौघांत दाव्या म्हणालीस," ते म्हणाले.

"त्याहून जास्त म्हणणार होते. जीभ आवरली. आपले बाबा जाधव कसे झाले, माहीत आहे तुला?"

"कसे झाले म्हणजे? जन्मले."

"एकोणीसशे सालच्या मोठ्या दुष्काळात सिन्नरच्या रस्त्याला आपल्या आजोबांना, पुंजाराम जाधवांना, एक पोर सापडलं. सहा-सात वर्षांचं, बोलायचंही बळ नव्हतं. त्यांनी उचलून घरी आणलं आणि आपल्या घराण्याचं म्हणून यादव नाव ठेवलं. ते आपले बाबा. मी वसतिगृहात लागले तेव्हा मला एकटीला सांगितलं त्यांनी. म्हणाले, पोरींशी नीट वाग, मीही त्यातलाच."

रूथ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिलाही हे नवीन होतं. आपण थट्टा फार लांबवली की काय, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. पप्पांचा चेहरा पांढरा पडला होता.

दाविदरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्याने पोरं नवे कपडे घालून चालली होती. मग त्यांनी एक करंजी उचलली, अर्धी खाल्ली आणि हळूहळू त्यांची मान ताठ होऊ लागली.

"म्हणजे आक्का," ते म्हणाले, "आपलं राजकुळ जसं आलं, तसंच प्रभूचंही आलं."

"आता हे काय?"

"रक्ताने नव्हे, नाव ठेवल्याने! अगदी तीच रीत! सिन्नरच्या सगळ्या जाधवांत असं कुणाचं असेल?"

गोजराबाईंनी कपाळाला हात लावला. रूथ मात्र पदर तोंडाला लावून आत पळाली. तिला हसू आवरेना, आणि का कोण जाणे, डोळेही भरून आले होते.

संध्याकाळी दाविदराव एकटेच साळव्यांच्या घरी गेले. धोंडीरामने लगबगीने सतरंजी घातली. कलाबाई कळवणकडच्या, बोलणं अजून तिकडचंच. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"मी लग्नाचं बोलायला आलोय," दाविदराव म्हणाले. "प्रभाकरला आमच्या घराण्यात घ्यायला माझी हरकत नाही. यादवांचं कुळ त्याला..."

"थांबा," कलाबाई म्हणाल्या. "माझ्या पोराला कुळ हाय. साळव्यांचं. त्याच्यावर दुसरं चिकटवायचं नाय."

"तसं नव्हे, वहिनी..."

"मागल्या बारीला तुम्ही काय बोलला व्हता? कुणाचं पोर? लय लागलं मला ते. आधी ते मागं घ्या. मग च्या ठेवते."

धोंडीराम सतरंजीची घडी सरळ करू लागला. ती आधीच सरळ होती. दाविदरावांनी घसा खाकरला. त्यांना हळू बोलता येत नसे, आणि माफी मागायची सवय नसल्याने आवाज आणखीच चढला. "प्रभाकर हा कलाबाई आणि धोंडीराम साळवे यांचा मुलगा आहे! मी बोललो ते चुकलं!"

समोरच्या चाळीत चार दारं उघडली. कुणीतरी विचारलं, "काय झालं हो?"

"काय नाय!" कलाबाई बाहेर बघून म्हणाल्या. "यांना कळलंय, एवढंच." आणि त्या चहा ठेवायला आत वळल्या.

लग्न पुढच्या मे महिन्यात झालं. पेटी वाजवणाराच नवरदेव असल्यामुळे गाणी बेसूर झाली, पण कुणी तक्रार केली नाही. रूथ आणि प्रभाकर ओझरच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. दाविदराव दर शनिवारी एसटीने तिकडे जात. शेजारी बसलेल्याला ते अजूनही सिन्नरच्या गादीविषयी सांगत. फक्त आता हकीकत दुष्काळातल्या त्या पोरापासून सुरू होई आणि ओझर येईपर्यंत संपत नसे.