कमी पडलेली किल्ली

"एक किल्ली कमी आहे," किल्ल्यांच्या फळ्यासमोर उभी राहून यंत्र चालवणारी लेक म्हणाली, आणि पंपवाला झटकन फळ्यापाशी आला.

नियम साधा होता. यंत्राच्या बोगद्यात शिरणाऱ्याने फळ्यावरची एक किल्ली सोबत न्यायची आणि बाहेर आला की परत लावायची. एक जरी खिळा रिकामा असला तरी यंत्र सुरूच होत नसे. कारण अणुकेंद्रांचा झोत सुटला तेव्हा आत माणूस असेल, तर तो संपलाच. सकाळी हवा ओढणारा पंप दुरुस्त करायला दोघेच आत गेले होते, तो आणि त्याचा जोडीदार लंबू.

"मी माझी लावली," तो म्हणाला. "लंबूच आत राहिलाय. पडला-बिडला असेल गं!"

"बाबा, घाबरू नका. झोत बंदच आहे."

पण तो केव्हाच दाराकडे धावला होता. "लंब्या! अरे लंब्या, ओ दे की!" बोगद्यातून त्याचाच आवाज परत येत राहिला. आयुष्यभराची सोबत. आता त्याच्या बायकोला काय तोंड दाखवायचं?

"कशाला बोंबलतोयस?" मागून लंबू आला, हातात चहाचा पेला. "तुझ्यासमोरच तर लावली मी किल्ली."

घाम पुसायला पंपवाल्याने खिशातून रुमाल ओढला. किल्ली खणकन फरशीवर पडली.

सगळे हसले. लंबू तर पोट धरून हसला. लेकीने किल्ली उचलून रिकाम्या खिळ्याला लावली, पंपवाला मात्र फळ्याकडे बघत राहिला. मघाशी स्वतः किल्ली लावल्याचं त्याला अजूनही डोळ्यांसमोर दिसत होतं. खिळा दिसत होता, स्वतःचा हातही. गेल्या आठवड्यात पाना धरून तो कितीतरी वेळ नुसता उभा होता, कुठल्या बाजूला फिरवायचा तेच आठवेना. घरी त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

झोत सुटला. लेकीने हौसेने त्याला पडद्यापाशी बोलावलं. समोरासमोरून येणारी अणुकेंद्रं एकमेकांवर आदळत होती, ठिकऱ्या चहूकडे उडत होत्या. कुठल्या अंगाला किती उडाल्या, त्यावरून ती मूळ आकार ताडायची, गोल होता की चेपलेला.

"फुटल्याशिवाय नाही का गं कळत?"

"आम्हाला तरी नाही कळत, बाबा."

"मग ऐक. आज माणूस बाहेर होता आणि किल्ली खिशात. उद्या लंब्या आत असताना त्याची किल्ली माझ्याकडे राहिली, आणि मी ती लावून मोकळा झालो तर? मला हल्ली आठवत नाही, पोरी. भीती वाटते. मला परत किल्ली देऊ नकोस."

ती हसायला गेली आणि त्याचा चेहरा बघून थांबली.

घरी निघताना तो दाराशी थबकला. दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले, पुन्हा पुन्हा चाचपले. काहीच नव्हतं. तरी तो तसाच उभा राहिला. लेक जवळ आली आणि तिने ते खिसे एकेक करून आत सारले.