भोंग्याने दिलेला राजीनामा

मी भोंगा बोलतोय. आवाज येतोय ना? येत नसेल तर जरा पुढे सरका. हातात धरून बोलायचा, पांढरा, लाल कडेचा, पट्ट्याने खांद्याला अडकवायचा तो मी. मला स्वतःचं मत नाही, विचार नाही, आवाज मात्र भरपूर आहे. म्हणजे निवडणुकीत उतरायला लागणारे सगळे गुण माझ्यात जन्मापासूनच होते.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, तो काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा करोल बागेतल्या एका दुकानात फळीवर बसलो होतो. दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला माझी इतकी तारीफ ऐकवायचा की मी कुणीतरी मोठा आहे असा माझा समज झाला. एके दिवशी पद्माकर खांबेटे नावाचे निवृत्त गृहस्थ आले, त्यांनी माझ्यात दोनदा 'हॅलो, हॅलो' केलं आणि मला घेऊन गेले.

ते मला सह्याद्री विहारात घेऊन आले. दिल्लीची हद्द संपून फरिदाबाद सुरू होतं, तिथे अरवलीच्या दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेत ही वसाहत आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत जन्म घालवलेल्या मराठी मंडळींनी ती वसवली आणि अरवलीला न विचारता तिचं नाव सह्याद्री ठेवलं. पुढे पंजाबी आले, हरियाणवी आले, नाव तेच राहिलं. वसाहत खासगी. बोअरचं पाणी आपलं, फाटक आपलं, पहारेकरी आपले, म्हणून भांडणंही आपल्यातच ठेवायची अशी रीत. इथलं सरकार म्हणजे कमिटी, आणि कमिटी म्हणजे खांबेटेकाका.

काका वर्षानुवर्षं अध्यक्ष होते. रोज सकाळी पंपघराच्या किल्ल्या हातात आणि मी खांद्याला, असे ते बाहेर पडायचे. 'पाणी सोडत आहे, टाक्या भरून घ्या.' वाक्य एवढंच, पण ते म्हणताना त्यांची मान ताठ व्हायची. काकू गेल्या होत्या. मुलगा आणि सून दिल्लीतल्याच द्वारका भागात राहायचे. नात निधी कॉलेजसाठी त्यांच्याकडे असायची, पण कानात कायम गाणी घालून. घरात काकांचं ऐकायला कुणी नव्हतं. माझ्यातून बोलले की सगळी वसाहत ऐकायची. मलाही वाटायचं, लोक माझ्या शब्दाला मान देतात. लोक पाण्याला मान देत होते, हे माझ्या डोक्यात यायला निवडणूक यावी लागली.

टेकडीला टेकलेल्या वरच्या गल्लीत पाणी नीट चढायचं नाही. तिथे चंद्रप्रभाताई राहायच्या, एका मंत्रालयातून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान श्रीरंगराव अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, बोलणंही गेलेलं. त्यांचे कपडे, चादरी रोज धुवाव्या लागायच्या आणि ताई खालून बादल्या वाहून न्यायच्या. वरचा व्हॉल्व्ह आधी उघडा, असं त्यांनी काकांना कितीदा तरी सांगितलं. काकांचं उत्तर ठरलेलं. वर पाणी चढवायला गेलं तर मोटर जळेल. शेवटी ताईंनी अध्यक्षपदासाठी फॉर्म भरला. काकांच्या विरोधात कुणी उभं राहण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्यांची झोप उडाली.

प्रचारात मी कमाल केली. भोंगा वसाहतीचा, म्हणून तो दोघांनाही मिळावा असं ठरलं. सकाळी मी ओरडायचो, 'अनुभवाला मत द्या.' संध्याकाळी त्याच तोंडाने ओरडायचो, 'पाण्याला मत द्या.' लाज अजिबात वाटली नाही. एकदा भाषणाच्या भरात काकांचं बोट सायरनच्या बटणावर पडलं आणि विकासाच्या मुद्द्यावर मी असा केकाटलो की पहारेकऱ्याने घाबरून फाटकच लावून घेतलं. त्या दिवशी मला टाळ्या मिळाल्या असं मी बरेच दिवस समजत होतो. लोकांनी कान झाकले होते.

मतदान तोंडावर आलं तेव्हा चौधरीजी मध्ये पडले. फरिदाबादच्या कोर्टात त्यांनी आयुष्यभर वकिली केली होती. कुणाचं तरी भांडण मिटवल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. त्यांनी दोघांना चहाला बसवून तोडगा काढला. उद्यापासून वरच्या गल्लीला आधी पाणी, ताईंनी फॉर्म मागे घ्यायचा, अध्यक्ष काकाच. सगळ्यांना कळवायला त्यांनी निधीच्या फोनवर मजकूर पाठवला. 'पद्माकर जी ने राजीनामा दे दिया है. चुनाव नहीं होगा.'

आता इकडच्या हिंदीत दोन पक्ष समजुतीने राजी झाले की त्याला राजीनामा म्हणतात. पोलीस ठाण्यात आणि कोर्टात तो रोज होतो. मराठीत राजीनामा म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. निधी मात्र दिल्लीत वाढलेली. घरातलं मराठी तिला येतं, कचेरीतलं येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पंपघरात मोटरच्या घरघरीत असताना ती मला घेऊन गल्लीगल्लीत फिरली. आधी तिने मजकूर हिंदीत वाचला. मग मराठीत म्हणाली, 'पद्माकर आजोबांनी राजीनामा दिला आहे. निवडणूक होणार नाही.' मी ते इमानेइतबारे टेकडीपर्यंत पोचवलं. हिंदी बोलणाऱ्या घरांनी 'चलो, अच्छा हुआ' म्हणून दारं लावली. मराठी घरांत चहा गार झाला.

काका घरी परतले आणि पाठोपाठ कमिटीचे खजिनदार दिलीपराव आले. फार मोठं मन दाखवलंत, म्हणाले. काकांना वाटलं, पाण्याबद्दलच बोलतायत. ते खुलले आणि म्हणाले, कधीतरी द्यायचंच होतं. मग आणखी काही मंडळी आली. कुणी नारळ आणला, कुणी पेढे आणले, एकाने तर शाल घातली. काका लाजत लाजत शाल पांघरून बसले. व्हॉल्व्ह फिरवल्याबद्दल शाल मिळते हे आधी माहीत असतं तर त्यांनी तो केव्हाच फिरवला असता. मी कोपऱ्यात बसून हा सत्कार थोडा माझाही आहे असं धरून चाललो होतो.

जाता जाता दिलीपरावांनी विचारलं, "मग पंपघराच्या किल्ल्या आता कुणाकडे देताय?"

काकांचा हात खिशातल्या किल्ल्यांवर गेला. मंडळी गेल्यावर त्यांनी निधीला हाक मारली आणि सकाळी काय सांगितलंस ते विचारलं.

"जे लिहिलं होतं तेच, आजोबा. राजीनामा म्हणजे कॉम्प्रोमाइज ना?"

काकांनी तिला अर्थ सांगितला. ती 'अरे यार' म्हणून मटकन खाली बसली. काका तिच्यावर रागावले नाहीत. त्यांना लागलं ते वेगळंच. इतकी माणसं आली, पण पद सोडू नका असं एकानेही म्हटलं नव्हतं. त्यांनी शाल काढून तिची घडी केली. मग त्यांनी मला उचललं. चूक दुरुस्त करायची होती. माझी तर जय्यत तयारी होती. मला काय, सकाळी राजीनामा, दुपारी माघार.

दारातच चंद्रप्रभाताई भेटल्या. उतारावरून घाईने आल्यामुळे त्यांना धाप लागली होती.

"भावजी, मी पाणी मागितलं होतं, तुमचं पद नव्हतं मागितलं," त्या म्हणाल्या. "राजीनामा मागे घ्या."

काकांनी विचारलं, "वर पाणी आलं?"

"आलं. आज ह्यांना नळाला पाइप लावून अंघोळ घातली. किती दिवसांनी हसले."

काकांचे डोळे भरून आले. "मोटर जळली नाही, वहिनी," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं जळेल म्हणून सांगत होतो. एकदाही वरचा व्हॉल्व्ह उघडून बघितलं नाही. तुम्ही बादल्या नेताना मला खिडकीतून दिसायच्या."

मग त्यांनी मला तोंडाशी धरलं. 'हॅलो' केलं नाही.

"पद्माकर खांबेटे बोलतोय. सकाळी निधीने सांगितलं ते मराठीत बरोबर आहे. चौधरीजी, माफ करना, हिंदी में गलत है. चंद्रप्रभावहिनींचा फॉर्म तसाच राहील."

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फाटला. मी तोही मोठा करून घराघरांत पोचवला. मला दुसरं काही जमतच नाही.

ताई बिनविरोध निवडून आल्या. व्हॉल्व्ह कसा फिरवायचा ते काकांनीच त्यांना शिकवलं. पाण्याची वेळ त्या आता फोनवरच्या ग्रुपवर टाकतात. मी पंपघरात खिळ्याला टांगलेला असतो आणि एका पालीने माझ्यात संसार थाटला आहे. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाच्या तोंडात पाल राहते, हे पाहून निधीला फार हसू येतं.

काका रोज पंपघरावरून वर जातात. मला उचलत नाहीत. श्रीरंगरावांच्या खाटेजवळ बसून ते त्यांना दिल्लीतल्या नोकरीच्या गोष्टी सांगतात, काकूंच्या सांगतात. श्रीरंगरावांना बोलता येत नाही, ते ऐकतात. ताई म्हणतात, काका तिथे इतकं हळू बोलतात की शेजारच्या खोलीतही कळत नाही. ते ऐकून आधी मला वाईट वाटलं, अगदी खरं सांगतो.

तुमच्याही गल्लीत कुणीतरी मोठ्याने बोलत असेल. त्याच्या हातात भोंगा देण्याआधी एकदा त्याच्याजवळ जाऊन बसा. मग माझ्या जातीचे सगळे दुकानातच पडून राहिले तरी माझी हरकत नाही.